मस्तिष्कविकृती आणि कालाची स्मृती

‘काय घडले’ याचे स्मरण आणि ‘केव्हा घडले’ याचे स्मरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. मेंदूस इजा झाल्यावर पहिले शिल्लक राहून दुसरे लोपू शकते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची परीक्षा करताना हा भेद दुर्लक्षिला गेल्यास गंभीर व्याधीचे निदान हुकते. म्हणून हा अल्प परामर्श.

व्यवहारात कालस्मृतीचे तीन भाग करता येतात.

१) कालावधीचे मापन : अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग १९५३ साली अपस्मारावरील उपाय म्हणून काढण्यात आला. त्यानंतर त्यांना नवीन घटना लक्षात ठेवता येईनात. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात सुमारे वीस सेकंदांपर्यंतचा अवधी ते अचूक दर्शवीत; त्यापुढील दीर्घ काळ मात्र त्यांना फार थोडा भासे.

२) पूर्वापर क्रम : हे कार्य मुख्यतः कपाळामागील फ्रन्टल लोबचे. माँट्रियल येथे ब्रेंडा मिलनर व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या परीक्षणांत, या भागास इजा झालेले रुग्ण आधी दाखविलेली वस्तू ओळखत. परंतु दोहोंपैकी अलीकडे कोणती पाहिली, हे सांगताना चुकत.

३) वर्तमानाचे भान : १८८७ साली रशियन वैद्यक सर्गेई कोर्साकोव्ह यांनी वर्णिलेल्या व्याधीत हे भान हरपते. त्याचे प्रमुख कारण दीर्घ मद्यपान व अपुरा आहार यांमुळे होणारी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची न्यूनता. थॅलॅमस व मॅमिलरी बॉडीज या भागांची हानी होते. रुग्ण अनेक वर्षांपूर्वीचा प्रसंग कालचा म्हणून सांगतो. नातेवाईक त्यास खोटारडा ठरवितात. वस्तुतः तो फसवीत नसतो, त्याच्या स्मृतीतील प्रसंगांवरची कालाची खूणच पुसली गेलेली असते.

यास्तव प्रश्नपरीक्षेत केवळ ‘काय आठवते?’ असे विचारून थांबू नये. आजचा वार, महिना व वर्ष विचारावे. कुटुंबातील दोन प्रसंगांपैकी आधीचा कोणता, हे विचारून उत्तर नातेवाइकांकडून पडताळावे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय मदात्ययाचा आहे. त्यानुसार होणाऱ्या रुग्णपरीक्षेस या प्रश्नांची जोड द्यावी.

मद्यपी रुग्णात संभ्रम, चालताना तोल जाणे किंवा नेत्रगतीत दोष यांपैकी काहीही नव्याने दिसल्यास ती वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णिलेली तातडीची अवस्था असू शकते. तिन्ही लक्षणे एकत्र दिसतीलच असे नाही. मेध्य औषध देऊन वाट पाहू नये. शिरेवाटे थायमिन मिळण्यासाठी रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे. थायमिनविना केवळ ग्लुकोजचे सलाईन लावल्यास अवस्था बिघडू शकते, हेही स्मरणात असावे. वेळीच उपचार झाल्यास मेंदूची कायमची हानी टळू शकते. विलंब झाल्यास गेलेली स्मृती बहुधा पूर्णतः परतत नाही.

औषधी-विक्रेत्यांसही एक विनंती. ‘विसरतो, बुद्धीचे काहीतरी द्या’ अशी मागणी आल्यास रुग्णाच्या व्यसनाची चौकशी अवश्य करावी. सारस्वतारिष्ट स्मृतीसाठी प्रसिद्ध असले, तरी कोणत्याही अरिष्टात संधानक्रियेने मद्यांश उत्पन्न होतो. मद्य सोडलेल्या वा सोडू पाहणाऱ्या रुग्णास ते परस्पर देऊ नये. प्रथम वैद्यांकडे पाठवावे.