चालक बाहेर, मोटार आत

चालक खाली उतरून उभा राहतो आणि मोटार आपली आपण अरुंद जागेत शिरते! २०१५ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या एका मोटारीत ही सोय केली. मग इतरांनीही केली.

मोटारीला दिसतं कसं? वटवाघळासारखं. पुढच्या-मागच्या बंपरात नाण्याएवढ्या गोल टिकल्या असतात. त्या इतका किनरा आवाज सोडतात की तो आपल्याला ऐकूच येत नाही. तो भिंतीवर आपटून परत येतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. भिंत १ मीटरवर असली तर जाऊन-येऊन २ मीटर झाले. म्हणजे सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले फक्त ६! (हे गणित गुरुजींनी फळ्यावर करून घेतलं.) यावरून संगणक अंतर काढतो. स्टिअरिंग विजेवर फिरतं.

बहुतेक गाड्यांत चालकाने जवळच उभं राहून किल्लीचं किंवा फोनचं बटण दाबून धरायचं असतं. बोट उचललं की गाडी थांबते. कारण बारीक काठी किंवा जाड लोकरी कपडा यांवरून आवाज नीट परत येत नाही. मागे स्वेटर घातलेलं लहान मूल बसलं असेल तर? म्हणून चालकाचे डोळे तिकडेच हवेत.

वटवाघूळ मात्र अंधारात बारीक तारसुद्धा चुकवतं!