शाळेने पेरावे, घराने पाणी घालावे



शाळाप्रवेशाचे दिवस आले की मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "फादर, आपल्या शाळेत मुलाचं नाव लागेल का?" कॅथलिक शाळाच का हवी, असे आम्ही विचारले की उत्तरे ठरलेली असतात. शिस्त चांगली असते, इंग्रजी चांगले होते, पुढे अडत नाही. ही कारणे चुकीची नाहीत. मात्र "तिथे तो प्रभूला ओळखायला शिकेल" असे म्हणणारे आईवडील क्वचितच भेटतात. म्हणून या रविवारच्या पाठात धर्मशिक्षण समितीच्या वतीने आम्ही एका साध्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. बालवर्गापासून चौथीपर्यंत आपले मूल कॅथलिक शाळेत नेमके काय शिकते? आणि शाळेने कितीही मनावर घेतले तरी कोणती गोष्ट ती शिकवू शकत नाही?

१. पहिला धडा हाताला मिळतो

चार वर्षांच्या मुलाला पवित्र त्रैक्याची व्याख्या सांगता येत नाही, पण क्रुसाची खूण करता येते. बाई त्याचा उजवा हात हातात धरून कपाळावर, छातीवर आणि दोन्ही खांद्यांवर नेतात. सुरुवातीला डावा हात पुढे येतो, खांद्यांचा क्रम चुकतो. महिन्याभरात हाताला सवय होते. आपल्या श्रद्धेतील सर्वांत मोठे रहस्य ते बाळ बोटांनी शिकलेले असते, अर्थ नंतर सावकाश उलगडत जातो.

बालवर्गातले बरेचसे शिक्षण असेच चालते. सकाळी प्रार्थनेला हात जोडून उभे राहायचे, डबा उघडण्यापूर्वी डोळे मिटून देवाचे आभार मानायचे, बाराच्या घंटेला हातातली पेन्सिल खाली ठेवून आंजेलस म्हणायची, कोणी आजारी असेल तर त्याचे नाव घेऊन प्रार्थना करायची. कुणाच्या डब्यात काहीच नसेल तर आपल्यातली अर्धी पोळी त्याला द्यायची. याची परीक्षा नसते आणि गुणपत्रिकेत रकानाही नसतो.

पोप फ्रान्सिस यांनी १३ मे २०१५ रोजीच्या प्रबोधनात कुटुंबांना तीन शब्द जपायला सांगितले होते : कृपया, धन्यवाद आणि क्षमा करा. बालवर्गातल्या बाई दिवसभर हेच तीन शब्द शिकवत असतात. "ढकलू नकोस, आधी विचार." "घेतलंस ना? मग काय म्हणायचं?" "तिला लागलं, आता तिची माफी माग." पुढे पापनिवेदनाला गुडघे टेकणाऱ्या मुलाची पहिली तयारी इथेच सुरू होते.

२. आधी प्रेम, मग आज्ञा

रोममध्ये सोफिया कावालेत्ती या बायबलच्या अभ्यासक बाईंनी १९५४ साली आपल्या सहकारी जान्ना गोब्बी यांच्यासह लहान मुलांना धर्मशिक्षण देण्याची एक पद्धत सुरू केली. गोब्बी या माँटेसोरी पद्धतीच्या शिक्षिका होत्या. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसोबत काम करताना त्यांच्या लक्षात आले की उत्तम मेंढपाळाच्या दाखल्याकडे ही मुले पुन्हा पुन्हा ओढली जातात. मेंढपाळ प्रत्येक मेंढराला नावाने ओळखतो, हे ऐकून त्यांना आनंद होतो. या वयाच्या मुलाला 'तू काय करू नयेस' हे सांगण्यापूर्वी 'तुझे नाव त्याला ठाऊक आहे' हे कळण्याची गरज असते. त्यांची पद्धत 'उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण' या नावानेच पुढे अनेक देशांत पोहोचली.

आपल्या शाळांतही साधारण हाच क्रम दिसतो. बालवर्गात आणि पहिलीत देवाने घडवलेली सृष्टी, रक्षक देवदूत, पवित्र कुटुंब, प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया. दुसरीत येशूचे जीवन, त्याचे चमत्कार, उधळ्या पुत्राची आणि दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट. तिसरी-चौथीत दहा आज्ञा, सात संस्कार, पापनिवेदन आणि पहिल्या कम्युनियनची तयारी, मिस्साबलिदानाचे भाग आणि उपासनावर्षातील रंग. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ' याचे चार भाग आहेत : श्रद्धा, संस्कार, ख्रिस्ती आचरण आणि प्रार्थना. ते चारही भाग चौथीतल्या मुलाच्या दप्तरात असतात, फक्त लहान मापाचे.

३. सातव्या वर्षाचे महत्त्व

आज तिसरी-चौथीतली मुले पांढऱ्या कपड्यांत वेदीसमोर येतात तेव्हा त्यात आपल्याला नवल वाटत नाही. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अनेक ठिकाणी मुलांना दहा-बारा वर्षांपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही अधिक काळ थांबावे लागे. आधी सारे नीट समजू दे, मगच ख्रिस्तशरीर, असा विचार होता. संत दहावे पायस यांच्या काळात ८ ऑगस्ट १९१० रोजी निघालेल्या आदेशाने हे बदलले. साध्या भाकरीत आणि ख्रिस्तशरीरात असलेला फरक ज्या मुलाला कळतो, श्रद्धेतील मुख्य गोष्टी ज्याला आपल्या कुवतीप्रमाणे ठाऊक आहेत, त्याला दूर ठेवू नये असे त्यात सांगितले. हे वय साधारण सात वर्षांचे मानले गेले.

याचा अर्थ आपण नीट ध्यानात घ्यावा. मुलाने संपूर्ण धर्मज्ञान मिळवून यावे, अशी ख्रिस्तसभेची अपेक्षा नाही. त्याने ओळखावे आणि ओढीने यावे, एवढेच ती मागते. ती ओढ वर्गात मोजता येत नाही.

४. शेजारच्या बाकावरचा मित्र

आपल्या कॅथलिक शाळांत इतर धर्मांची मुले मोठ्या संख्येने शिकतात. धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुले एका वर्गात जातात, बाकीच्यांना मूल्यशिक्षण दिले जाते. याला भारताच्या संविधानाचा आधार आहे. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या शाळा स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क देतो. त्याच वेळी अनुच्छेद २८ नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही.

आपल्या मुलासाठी हाही एक धडाच आहे. गणपतीत मित्राकडून मोदक येतो, ईदला शीरखुर्मा येतो, नाताळात आपल्या घरचा कुसवार त्यांच्या घरी जातो. आपली श्रद्धा घट्ट धरावी आणि दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखावा, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे मूल भाषणातून शिकत नाही. ते शेजारच्या बाकावरून शिकते.

५. आमची एक कबुली

आता आमच्याच चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी आम्ही लहान मुलांसाठी प्रार्थनांच्या पाठांतराची स्पर्धा ठेवली होती. एका मुलीने सर्व प्रार्थना न अडखळता, एका दमात म्हणून दाखवल्या आणि पहिले बक्षीस घेतले. नंतर आमच्यापैकी एकीने तिला सहज विचारले, "बाळ, मोह म्हणजे काय गं?" मुलगी क्षणभरही न थांबता म्हणाली, "बावखल. त्यात पडतात ना, म्हणून."

आम्ही सारे हसलो. घरी जाताना मात्र हसू ओसरले. आम्ही तिला शब्द दिले होते, ते किती वेगाने म्हणते ते मोजले होते, बक्षीसही दिले होते, आणि अर्थ विचारायचे राहून गेले होते. अर्थ तिने स्वतःच शोधला होता, आपल्या वाडीतल्या बावखलापाशी. खरे सांगायचे तर तो अर्थ फारसा चुकलेलाही नव्हता. काठ निसरडा असतो, पाणी वरून शांत दिसते, आणि पडलेल्याला बाहेर काढायला कोणाचा तरी हात लागतो. पुढच्या रविवारी आम्ही वर्गात याच बावखलापासून सुरुवात केली. त्यानंतर पाठांतराची स्पर्धा घेतली नाही. पाठांतर वाईट नव्हे. म्हातारपणी सारे विसरलेल्या माणसाच्या ओठांवरही लहानपणची प्रार्थना टिकून राहते, हे आपण आपल्याच घरांत पाहिले आहे. पण पाठांतर हे भांडे आहे. त्यात काय भरले, हे कोणीतरी पाहायला हवे.

६. प्रार्थना कोणत्या भाषेत?

आपल्या वसईच्या मुलांपुढे आणखी एक अडचण आहे. घरी सामवेदी किंवा वाडवळी, चर्चमध्ये मराठी आणि शाळेत इंग्रजी. मूल तिन्ही भाषा पेलते, ही त्याची हुशारी. परंतु संध्याकाळी रोझरीला बसल्यावर आजी मराठीत सुरुवात करते आणि नातवाला उत्तर फक्त इंग्रजीत येते. दोन दिवस तो ओठ हलवतो, तिसऱ्या दिवशी गृहपाठाचे निमित्त सांगून उठून जातो. आजीही गप्प बसते. तिला वाटते, शिकलेल्या मुलाला आपण काय शिकवणार! असे घर आपल्या धर्मग्रामात एकच नाही.

ख्रिस्तसभेचा इतिहास इथे आपल्याला वाट दाखवतो. सर्व शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून १९५० साली ज्यांना घोषित करण्यात आले ते संत जॉन बाप्टिस्ट द ला साल (१६५१-१७१९) फ्रान्समध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवत. त्या काळी वाचन लॅटिनपासून शिकवण्याची रीत होती. त्यांनी ती मोडली आणि मुलांना आधी त्यांच्या भाषेत, फ्रेंचमध्ये, वाचायला शिकवले. त्यांच्याही आधी, १५७९ साली, इंग्लंडहून गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी इथल्या नवख्रिस्ती कुटुंबांसाठी मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्यांनी कोकणीत लिहिलेले धर्मशिक्षणाचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली प्रसिद्ध झाले. परदेशातून आलेला एक धर्मगुरू आपल्या आजोबा-पणजोबांशी त्यांच्या भाषेत देवाविषयी बोलला. मग आपण आपल्याच नातवंडांशी त्या भाषेत का बोलू नये?

आमचे इंग्रजी माध्यमाशी भांडण नाही. मुलाने शाळेत इंग्रजीत प्रार्थना जरूर शिकावी. पण ताप चढलेल्या रात्री, घरात कोणी गेले त्या दिवशी, मनातून जी भाषा येते तीही त्याला यायला हवी. ती शाळा देऊ शकत नाही. ती आजीपाशी आहे.

७. पहिले शिक्षक कोण?

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात आईवडील हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, आणि ही उणीव राहिली तर ती भरून काढणे फार अवघड असते, असे सांगितले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ७९८ वे कलमही स्पष्ट आहे. मुलांना शक्यतो कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत घालावे, ते शक्य नसेल तर त्यांना शाळेबाहेर योग्य धर्मशिक्षण मिळेल याची काळजी आईवडिलांनी घ्यावी. ज्यांची मुले इतर शाळांत जातात त्यांनी मन खट्टू करण्याचे कारण नाही. रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग त्यांच्यासाठीच आहे. फक्त त्या वेळी ट्यूशन किंवा क्रिकेटचा सराव ठेवू नये, ही आमची कळकळीची विनंती.

संत पौल तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच्या श्रद्धेचा उगम सांगतो. ती श्रद्धा आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होती (२ तीमथ्य १:५). तिथे शाळेचे नाव येत नाही, एका आजीचे येते.

या आठवड्यात घरी करून पाहू या

• रोज रात्री एक प्रार्थना घरच्या मोठ्यांच्या भाषेत, सर्वांनी मिळून, सावकाश म्हणावी. एकच पुरे, पण रोज.
• "आज कितवा नंबर आला?" याऐवजी एक दिवस विचारावे, "आज कोणाला मदत केलीस? आज कोणाची माफी मागितलीस?" मग आपणही आपले उत्तर द्यावे.
• प्रार्थनेतील एका शब्दाचा अर्थ मुलाला विचारावा. तो जे सांगेल त्याला हसू नये.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्याला पहिली प्रार्थना कोणी शिकवली? ते मुलांना आपण कधी सांगितले आहे का?
२. आपले मूल आपल्याला प्रार्थना करताना शेवटचे कधी पाहिले असेल?

वाडीत काम करणाऱ्याला सांगायला नको की रोप लावून झाले म्हणजे काम संपत नाही. आळे करावे लागते, पाणी सोडावे लागते, वाऱ्यापावसात केळीला टेकू द्यावा लागतो. करिंथकरांना लिहिताना संत पौलही लावणारा आणि पाणी घालणारा यांची आठवण करून देतो, आणि वाढवणारा मात्र देव आहे असे म्हणतो (१ करिंथ ३:६-७). शाळेतील शिक्षक आणि धर्मभगिनी आपापल्या परीने लावणी करीत आहेत. पाणी आपल्या विहिरीचे आहे. ते आपण घालू या, आणि वाढ प्रभूवर सोपवू या.

आपल्या धर्मग्रामातील सर्व बालकांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि विशेषतः आजी-आजोबांसाठी या रविवारच्या मिस्सात प्रार्थना करू या.

– धर्मशिक्षण समिती