खोटी नोटीस कशी ओळखावी?
(इयत्ता सातवीसाठी पाठाची रूपरेषा)

विषयाची निकड

बारामती व इंदापूर तालुक्यांतील खेड्यांतून लहान धंद्यांचा बराचसा व्यवहार आता मोबाइलवर चालतो. डाळिंब व द्राक्षे पिकविणारा बागाईतदार, पापड-मसाले करणारा महिला बचत गट, उजनी जलाशयाच्या काठी भिगवण-कुंभारगाव परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी पाहावयास येणाऱ्या प्रवाशांना होडीतून फिरविणारा नावाडी, अशांपैकी कोणी आपल्या धंद्याच्या नावाने फेसबुकवर पेज चालवितो. मालाची छायाचित्रे, दर, संपर्काचा क्रमांक व गिऱ्हाइकांचे अभिप्राय या पेजवर साठत जातात. कित्येक वर्षांच्या श्रमाने जमलेले हे गिऱ्हाईक म्हणजे त्या घराचे भांडवलच होय.

हे भांडवल घटकाभरात हिरावून नेणारी एक चोरी जगभर चालू आहे. तिला फिशिंग असे नाव आहे. या चोरीत चोर कुलूप फोडीत नाही. मालकाकडूनच किल्ली मागून घेतो.

प्राथमिक शिक्षकांनी या विषयात लक्ष घालण्याचे कारण असे की, मोबाइल आईवडिलांचा असला तरी त्यावर आलेला इंग्रजी मजकूर वाचून दाखविण्याचे काम पुष्कळ घरांत सहावी-सातवीतील मुलाकडे येते. आईने "काय लिहिलंय बघ रे" म्हणून मोबाइल पुढे करावा, मुलाने 'पेज बंद होणार' एवढेच वाचून घाबरावे आणि दोघांनी मिळून पासवर्ड भरून द्यावा, हे सहज घडण्यासारखे आहे. म्हणून या वयाच्या मुलास इंग्रजी वाचता येणे जेवढे अगत्याचे, तेवढेच वाचलेल्या मजकुराची पारख करता येणे अगत्याचे आहे.

पाठाचा उद्देश व पूर्वतयारी

नोटिशीचे रूप पाहून नव्हे, तर ती काय मागते व कोठे नेते हे पाहून तिचा खरेखोटेपणा ठरवावा, ही सवय विद्यार्थ्यांस लावणे हा या पाठाचा उद्देश आहे. पाठास मोबाइलची आवश्यकता नाही. खडू, फळा, टपालाचे एक जुने पाकीट व पाच चिठ्ठ्या एवढे साहित्य पुरे. कोणाचेही खरे पेज अथवा खरा पासवर्ड वर्गात उदाहरणादाखल घेऊ नये.

प्रस्तावना

भिगवणच्या मासळी बाजाराची माहिती या भागातील मुलांना असतेच. तेथून पाठास आरंभ करावा. 'गळाला काय लावतात? माशाला गळ दिसतो की आमिष?' असे प्रश्न विचारून उत्तरे मुलांकडूनच काढून घ्यावी. फिशिंग या शब्दाचा उच्चार मासेमारीचाच आहे, फक्त त्याचे इंग्रजी स्पेलिंग निराळे, हे सांगावे. त्यानंतर मुद्द्याची गोष्ट पुढे ठेवावी : आमिष नेहमी लोभाचेच असते असे नाही, ते भीतीचेही असते. लॉटरीच्या निरोपाला न भुलणारा शहाणा माणूसही आपला धंदा बंद पडेल या धास्तीने गळाला लागतो.

विषय-विवेचन

१. नोटिशीची मोडणी. पुढील मजकूर फळ्यावर लिहावा : 'आपल्या पेजने नियमांचा भंग केला आहे. २४ तासांत अपील न केल्यास पेज कायमचे बंद करण्यात येईल. अपिलासाठी खालील लिंक उघडा.'

यात आरोप, मुदत व वाट अशा तीन गोष्टी आहेत, हे मुलांकडून वदवून घ्यावे. आरोप मोघम असतो. कोणत्या छायाचित्राविषयी तक्रार आहे हे बहुधा सांगितलेले नसते. मुदत तोकडी असते, कारण विचारविनिमयास वेळ मिळाला तर डाव फसतो. वाट मात्र एकच दाखविलेली असते. ती लिंक उघडली म्हणजे फेसबुकसारखेच दिसणारे पान येते. त्यावर प्रथम नाव व मोबाइल क्रमांक, मग पासवर्ड, शेवटी ओटीपी मागितला जातो. ओटीपी भरताच चोर खऱ्या पेजमध्ये शिरतो, मूळ मालकाचे अधिकार काढून टाकतो आणि जाहिरातीसाठी कार्ड जोडलेले असल्यास त्यावर आपल्या जाहिराती चालवितो.

हानी एवढ्यावरच थांबत नाही. समजा, एखाद्या नावाड्याचे पेज चोराच्या हाती गेले. पुण्याच्या प्रवाशाने होडीसाठी आगाऊ पैसे पेजवरील नव्या क्रमांकावर पाठविले. रविवारी पहाटे तो मुलाबाळांसह काठावर येऊन उभा राहिला, तर नावाड्याला त्याची वार्ताही नसते. पैसे चोराने घेतलेले असतात, दोष मात्र नावाड्याच्या माथी येतो.

२. पत्ता शेवटाकडून वाचावा. जुने पाकीट दाखवून विचारावे : 'बारामती वस्त्रभांडार, सोलापूर' हे दुकान कोणत्या गावी आहे? नावात बारामती असली तरी दुकान सोलापुरात आहे, हे मुले लगेच सांगतील. लिंकच्या पत्त्याचेही असेच आहे. आरंभीची 'एचटीटीपीएस' ही अक्षरे व त्यापुढील दोन तिरप्या रेघा सोडून द्याव्या. नंतर पहिली तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग घ्यावा आणि त्याचे शेवटचे शब्द पाहावे. 'बिझनेस डॉट फेसबुक डॉट कॉम' हा पत्ता फेसबुकचा आहे. 'फेसबुक डॉट पेज-अपील डॉट कॉम' असा पत्ता असेल, तर त्यात फेसबुक हे नाव पाटीवर रंगविलेल्या बारामतीसारखेच समजावे. कुलपाचे चिन्ह दिसले म्हणूनही निर्धास्त होऊ नये. दळणवळण गुप्त आहे एवढेच ते चिन्ह सांगते, समोरचा मनुष्य प्रामाणिक आहे असे सांगत नाही.

३. केवळ पाठविणाऱ्याच्या नावावर विसंबू नये. नाव व बोधचिन्ह यांची नक्कल कोणीही करू शकतो. चोर 'मेटा सपोर्ट' यासारख्या नावाचे पेज उघडून तेथून निरोप पाठवितात. मेटा हे फेसबुक चालविणाऱ्या कंपनीचे २०२१ पासूनचे नाव असल्याने वाचणारा फसतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेक पॉइंट या संगणक-सुरक्षा कंपनीने याहून सूक्ष्म युक्ती उघडकीस आणली. चोरांनी फेसबुकवर बनावट व्यवसाय-पेजे उघडली आणि फेसबुकच्याच निमंत्रण पाठविण्याच्या सोयीचा उपयोग केला. त्यामुळे ई-मेल फेसबुकच्या खऱ्या पत्त्यावरूनच गेले; आतील लिंक तेवढी चोराची होती. असे सुमारे ४०,००० ई-मेल ५,००० हून अधिक ग्राहक-संस्थांकडे गेल्याचे त्या कंपनीने नोंदविले. लखोट्यावरचा शिक्का खरा असूनही आतला कागद खोटा असू शकतो, हे यावरून मुलांच्या ध्यानात आणून द्यावे.

सर्व चोर धाकच घालतात असे नाही. काम अथवा जाहिरातीचा करार देऊ करून सोबत एखादी फाइल पाठविण्याचीही रीत आहे. जुलै २०२२ मध्ये फिनलंडच्या विथसिक्युअर या कंपनीने 'डकटेल' नावाच्या अशा प्रकाराची माहिती प्रसिद्ध केली. ती फाइल संगणकावर उघडली की, आधीच चालू असलेल्या फेसबुक-खात्यात पासवर्ड न विचारताच चोराचा शिरकाव होई.

४. खात्री करून घेण्याची रीत. तलाठ्याच्या नावाने संशयास्पद कागद आला, तर सुज्ञ शेतकरी त्या कागदावरील क्रमांकावर विचारीत बसत नाही. तलाठी कार्यालयात स्वतः जातो. येथेही तेच करावे. नोटिशीतील लिंक न उघडता फेसबुक स्वतः उघडावे आणि पेजविषयी काही सूचना अथवा तक्रार तेथे नोंदलेली आहे काय ते पाहावे. तेथे काही नसेल, तर नोटिशीस उत्तर देऊ नये. निरोपातून अथवा फोनवरून जो पासवर्ड किंवा ओटीपी मागतो, तो कोणत्याही कार्यालयाचे नाव सांगो, त्याला ते देऊ नये.

फलकलेखन

१. घाई दिसली की थांबावे.
२. पत्ता शेवटाकडून वाचावा.
३. लिंकने जाऊ नये. आपल्या वाटेने जावे.
४. ओटीपी कोणास देऊ नये.
५. मोठ्यांस सांगावे, लपवू नये.

उपयोजन

पाच चिठ्ठ्या पाच गटांना द्याव्या : (१) गिऱ्हाईक डाळिंबाचा दर विचारते. (२) चोरीचे छायाचित्र वापरल्याचा आरोप करून बारा तासांत अपील मागितले आहे. (३) निळी खूण फुकट देतो म्हणून पासवर्ड मागितला आहे. (४) ओळखीच्या मैत्रिणीच्या खात्यावरून 'चुकून तुझ्याकडे ओटीपी आला, तो पाठव' असा निरोप आला आहे. (५) बचत गटाच्या अध्यक्षांनी बैठकीची वेळ कळविली आहे. प्रत्येक गटाने आपला निर्णय कारणासह सांगावा. चौथ्या चिठ्ठीवर मुले अडखळतील. मैत्रिणीचे खातेच चोरीस गेलेले असू शकते, हे तेथे उलगडून सांगावे.

पालकसभेत सांगावयाच्या गोष्टी

पेजवर दुहेरी पडताळणी चालू ठेवावी. पेजचे पूर्ण अधिकार विश्वासातील दोन व्यक्तींकडे असावे, म्हणजे एकाचे खाते गेले तरी दुसऱ्यास उपाय करता येईल. जाहिरातीसाठी जोडलेल्या कार्डावर खर्चाची मर्यादा ठरवून घ्यावी.

फसवणूक झालीच तर वेळ दवडू नये. पासवर्ड बदलावा, अनोळखी उपकरणे व अनोळखी व्यवस्थापक काढून टाकावे, खात्यात शिरताच येत नसेल तर 'फेसबुक डॉट कॉम' यापुढे तिरपी रेघ देऊन 'हॅक्ड' हा इंग्रजी शब्द लिहून ते पान उघडावे. पैसे गेले असल्यास बँकेस कळवून लागलीच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार द्यावी. नोटिशीची चित्रे पुराव्यासाठी जपावी. आपल्या गिऱ्हाइकांनाही तत्काळ सावध करावे. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे व संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसविणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी व ६६-डी अन्वये गुन्हे असून त्यांस तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एक गोष्ट पालकांना आवर्जून सांगावी. मुलाच्या हातून चूक झाली तर त्यास मारू अथवा रागावू नये. माराच्या भीतीने मूल ती गोष्ट दोन दिवस लपविते आणि तेवढ्या अवधीत पैसे अनेक खात्यांतून पुढे निघून जातात. जे मूल त्याच क्षणी सांगते, त्याच्या घरचे पैसे वाचण्याचा संभव अधिक असतो.

पाठानंतर आठवड्याभराने मुलांकडून घरचा अनुभव विचारून घ्यावा. "आई, ती लिंक नको, फेसबुक आपणच उघडून बघू" असे एखादे मूल घरी म्हणाले असेल, तर पाठाचा हेतू सफल झाला असे शिक्षकांनी समजावे.