कालव्याकाठची सायकल आणि मधुमेह

माझ्या दवाखान्यात नेहमी येणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. वय चौसष्ट, मधुमेह अकरा वर्षांचा आणि दोन्ही गुडघे कुरकुरणारे. ‘रोज चालायला जा’ असे मी त्यांना सांगत आलो आणि ‘गुडघे दुखतात, डॉक्टरसाहेब’ असे ते मला सांगत आले. गेल्या वर्षी ते मुलीकडे अमेरिकेत चार महिने राहून आले. आल्यावर तपासणीसाठी आले तेव्हा वजन चार किलोने उतरलेले आणि उपाशीपोटीची साखर कधी नव्हे ती आटोक्यात. परदेशात राहून आलेल्यांचे वजन वाढलेलेच मी पाहत आलो आहे, म्हणून आश्चर्य वाटले. गुरुजी म्हणाले, “तिकडे मी रोज सकाळी कॅनॉलवर सायकल चालवत होतो. गुडघ्यांनी एकदाही तक्रार केली नाही. कॅनॉल तर आपल्या गावालाही आहे. मग इथे का नाही?”

या प्रश्नाचे अर्धे उत्तर डॉक्टरने द्यायचे आहे आणि अर्धे गावाने. आधी गुरुजींची ती वाट कोणती, ते पाहू.

गुरुजींची मुलगी वॉशिंग्टन शहराजवळ राहते. तिथे पोटोमॅक नदीच्या काठाकाठाने ‘चेसापीक अँड ओहायो’ नावाचा जुना कालवा आहे. १८२८ साली त्याचे खोदकाम सुरू झाले आणि १८५० साली तो कम्बरलँड या गावापर्यंत पोचला. लांबी १८४.५ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर. हा कालवा शेतीच्या पाण्यासाठी नव्हता, नावांतून माल नेण्यासाठी होता, आणि माल म्हणजे मुख्यतः दगडी कोळसा. नावेला इंजिन नसे. काठावरून खेचरे चालत आणि लांब दोराने नाव ओढत. एका नावेत शंभर टनांहून जास्त कोळसा असे. पाण्यावर तरंगणारे ओझे दोन-तीन खेचरांनाही ओढता येते, हीच त्यातली गंमत. सहा तास झाले की ही खेचरे नावेतल्याच तबेल्यात विश्रांतीला जात आणि ताजी जोडी जुंपली जाई. खेचरांना हाकायला पुष्कळदा नाववाल्याची मुलेच पायी चालत. या चालण्यासाठी पाण्यालगत जी साधारण बारा फूट रुंदीची वाट ठेवलेली असे, तिला इंग्रजीत टो-पाथ म्हणतात. आपण ओढवाट म्हणू.

आता आरोग्याशी संबंध आहे तो या वाटेच्या सपाटपणाचा. नावांचे पाणी तळ्यासारखे जवळजवळ स्थिर ठेवावे लागते, म्हणून कालवा पायऱ्यापायऱ्यांनी चढवतात. प्रत्येक पायरीला दोन दरवाजांचा एक हौद असतो. नाव आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, हौद भरायचा, म्हणजे नाव वरच्या पातळीला येते. असे ७४ हौद या कालव्यावर आहेत आणि सगळे मिळून चढ फक्त ६०५ फूट. हिशेब केला तर किलोमीटरला सरासरी बासष्ट सेंटिमीटर, आणि तोही बहुतेक त्या हौदांपाशीच. बाकी वाट हातावर पाणी ठरावे इतकी सपाट. खेचराच्या सोयीसाठी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी केलेली ही सपाटी आज माणसाच्या गुडघ्याला आणि हृदयाला मानवते.

ही वाट लोकांना सुखासुखी मिळालेली नाही. १९२४ सालच्या पुराने कालवा मोडला आणि नावा बंद पडल्या. १९३८ साली तो सरकारने विकत घेतला. पुढे त्यावरून मोटारींचा रस्ता करावा अशी योजना निघाली आणि जानेवारी १९५४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या मोठ्या दैनिकाने अग्रलेख लिहून तिला पाठिंबा दिला. तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याच दैनिकाला पत्र लिहिले, की संपादकांनी माझ्याबरोबर हा सगळा कालवा पायी चालून पाहावा आणि मग मत द्यावे. संपादकांनी आव्हान स्वीकारले. मार्च महिन्यात कम्बरलँडहून मंडळी निघाली. आठ दिवस चालणे झाले. शेवटपर्यंत सगळे अंतर चालणारे नऊच जण उरले, त्यांत डग्लस होते. दैनिकाने आपले मत बदलले. तरी कालव्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळायला १९७१ साल उजाडले.

डॉक्टर म्हणून मला या हकिकतीतली एक गोष्ट विशेष वाटते. डग्लस तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते आणि १९४९ साली घोड्यावरून पडून त्यांच्या बऱ्याच बरगड्या मोडल्या होत्या. आपल्याकडे असा अपघात झालेला माणूस उरलेले आयुष्य ‘जपून’ काढतो!

आज त्या वाटेवर चालणारे आणि सायकलवाले दोघेही असतात. मोटारींना मज्जाव. सायकलने ताशी पंधरा मैलांच्या, म्हणजे सुमारे चोवीस किलोमीटरच्या पुढे जायचे नाही, चालणाऱ्याला आधी वाट द्यायची, मागून येताना घंटी वाजवायची, असे साधे नियम आहेत. कम्बरलँडपासून पुढे जुन्या रेल्वेमार्गावरून पिट्सबर्गपर्यंतची दीडशे मैलांची वाट २०१३ साली पूर्ण झाली, त्यामुळे आता पाचशेहून जास्त किलोमीटर सलग सायकलने जाता येते. अशा वाटांना हरितमार्ग म्हणतात. अर्थात गुरुजी काही पिट्सबर्गला गेले नव्हते. ते रोज सात-आठ किलोमीटर जाऊन येत आणि त्यांच्या साखरेला तेवढे पुरे झाले.

ते कसे? सायकलवर शरीराचे बरेचसे वजन सीटवर असते. गुडघा हलतो, मांडीचा स्नायू काम करतो, पण धावताना किंवा जिना चढताना गुडघ्यावर जो भार पडतो तो पडत नाही. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. ते काम करू लागले की रक्तातली साखर ओढून घेतात आणि व्यायाम थांबल्यावरही काही तास इन्सुलिनचा परिणाम चांगला होतो. म्हणून मधुमेह्याने व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मध्यम श्रम म्हणजे किती? सायकल चालवताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतके.

आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीला गिअर नसतो. चढ आला की उभे राहून पायडल मारावे लागते आणि तेव्हाच गुडघ्याच्या वाटीवर सर्वांत जास्त ताण येतो. सपाट वाटेचे महत्त्व आहे ते यासाठी. दुसरा दोष सीटचा. दहापैकी आठ सायकलींची सीट खाली बसवलेली असते, का तर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. त्यामुळे गुडघा सारखा जास्त वाकलेला राहतो आणि वाटीमागे दुखू लागते. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा थोडासाच वाकलेला राहतो. सायकल दुरुस्तीच्या दुकानात पाच मिनिटांचे हे काम आहे. गुरुजींची सीट दोन इंच वर गेली आणि माझी गुडघ्यांची निम्मी औषधे बंद झाली.

सुरुवात दहा मिनिटांनी करावी आणि दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवावीत. कालव्यावर वारा मोकळा असतो, तेव्हा जाताना समोरच्या वाऱ्याने जावे म्हणजे येताना दमलेल्या पायांना वाऱ्याची मदत होते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये आणि खिशात साखर ठेवावी. एकाएकी घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असे झाले तर लगेच उतरून तीन चमचे साखर खावी, पंधरा मिनिटे बसावे आणि बरे वाटले नाही तर पुन्हा खावी. मधुमेह्याच्या पायाला जखम कळत नाही, म्हणून चप्पल नको, बूट हवा. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप वाटली तर सायकल तिथेच सोडून मदत मागावी. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी आणि मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. फिट्स येणाऱ्यांनी आणि चक्कर येणाऱ्यांनी पाण्याच्या काठाने सायकल चालवूच नये. आणखी एक सांगायला हवे. सायकलने हाडे बळकट होत नाहीत, कारण हाडांवर वजन पडत नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांनी जमेल तेवढे चालणेही ठेवावे.

आता गुरुजींच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. आपल्या कालव्यालाही काठाने वाट आहे, पण ती ओढवाट नव्हे. आपला कालवा शेतीच्या पाण्याचा. तो डोंगराच्या पायथ्याने, जमिनीची समान उंची धरून वळणे घेत जातो. अनेक मोठ्या कालव्यांना किलोमीटरला वीत-दीड वीत इतकाच उतार असतो, म्हणजे सपाटी अमेरिकेतल्यापेक्षाही सरस. काठची वाट जलसंपदा खात्याची जीप आणि मशीन फिरायला ठेवलेली आहे. ती लोकांसाठी नाही हे खरे, पण रोज सकाळी त्या वाटेवर शे-दीडशे माणसे चालताना दिसतात हेही तितकेच खरे.

फरक आहे तो पाण्यात. नावांच्या कालव्यातले पाणी संथ असते. आपल्या कालव्यात आवर्तन सुटले की पाणी ओढ घेऊन वाहते, खोली माणूसभर किंवा जास्त असते, आणि दोन्ही बाजूंच्या काँक्रीटच्या उतारावर शेवाळ धरलेले असते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हात धरायला जागा मिळत नाही. काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळी आवर्तनात एका बारा वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणले होते. चप्पल काढायला तो काठाशी वाकला होता. लोकांनी त्याला उलटे धरून पोटातले पाणी काढण्यात दहा मिनिटे घालवली होती. माझ्या हाती काही उरले नव्हते. ते मी अजून विसरलेलो नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. बुडालेल्याच्या पोटातले पाणी काढत बसू नये. श्वास नसेल तर ताबडतोब तोंडाने पाच श्वास द्यावेत आणि नंतर छातीच्या मधोमध दाब देणे सुरू करावे. तीस दाब, दोन श्वास, मदत येईपर्यंत. वाहत्या कालव्यात त्याच्यामागे उडी टाकू नये, नाहीतर एकाचे दोन होतात. काठावर आडवे पडून दोर, धोतर, साडी जे असेल ते फेकावे.

म्हणून आपल्या वाटेचा हरितमार्ग करायचा तर बाकांच्या आणि फलकांच्या आधी ठरावीक अंतरावर पाण्यात उतरणाऱ्या लोखंडी शिड्या आणि त्यांच्याशेजारी टांगलेला दोर हवा. वळणांवर आणि पुलांपाशी कठडा हवा. पृष्ठभागाला डांबराची गरज नाही. मुरूम पसरून नीट दाबला की पुरे, मात्र काळ्या मातीच्या भरावावर तो जाड हवा, नाहीतर पहिल्या पावसात सायकलच्या मडगार्डमध्ये चिखल अडकतो. ट्रॅक्टर अडवायला फाटक हवे आणि खात्याच्या मशीनसाठी त्याची किल्ली पाटकऱ्याकडे. उत्साही मंडळी लगेच झाडे लावायला निघतात, त्यांना विनंती, की भरावावर झाडे लावू नयेत. मुळांच्या वाटेने पाणी झिरपून भराव फुटू शकतो. भरावाखालच्या बाजूला, जागा आणि खात्याची परवानगी असेल तिथे लावावीत. आणि सायकल नेहमी शेताच्या अंगाने चालवावी, पाण्याच्या अंगाने नव्हे. पहाटे अंधारात जाऊ नये. रात्रीच्या उबेला घोणस वाटेवर येऊन पडते.

गुरुजींनी आणखी बावीस जणांच्या सह्या घेऊन शिड्या आणि फाटक या दोनच गोष्टींचा अर्ज केला आहे. उत्तर यायचे आहे. तोवर पाणी बंद असलेल्या दिवसांत ते पुलापासून पहिल्या चारीपर्यंत, जाऊन-येऊन सहा किलोमीटर सायकल चालवतात आणि आवर्तन सुटले की शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारतात. मैदानाचा त्यांना कंटाळा येतो. अमेरिकेहून आल्यावर दोन महिने सायकल बंद होती तेव्हा त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर पुन्हा ८.६ वर गेली होती. गेल्या पंधरवड्यात तपासली तेव्हा ७.३ आली. गोळ्या त्याच आहेत. चहातली साखर मात्र त्यांनी या काळात अर्धी केली आहे, हेही सांगितले पाहिजे.