गांवच्या जमीन-रक्षण मंडळांचें शिक्षण

रब्बीची काढणी उरकली म्हणजे अनेक गांवांतून माळावर चर खणण्याचा व नाल्यावर बांध घालण्याचा विचार सुरू होतो. तरुण मंडळी एकत्र जमतात, वर्गणी गोळा होते, श्रमदानाचा दिवस ठरतो. हा उत्साह स्तुत्य होय यांत शंका नाहीं; परंतु जमीन धरून ठेवण्याचें काम उत्साहावर साधत नसून पातळीवर साधतें, ही गोष्ट पुष्कळ मंडळांस नुकसान सोसूनच शिकावी लागते. आम्हांस ती तशीच शिकावी लागली.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मंडळानें गांवच्या माळावर केवळ नजरेच्या अदमासानें चर खणले. दिसावयास ते सुरेख होते. मृगाच्या पेरण्या झाल्यावर जो पहिला मोठा पाऊस आला, त्यांत चरांतील सर्व पाणी एका टोकास धांवलें, तेथें चर फुटला, व त्याच्या खालचेही एकामागून एक फुटत गेले. माळावर मोकळें पसरून वाहणारें पाणी आम्हींच एके ठिकाणीं गोळा करून दिलें, आणि तें ज्याच्या शेतांत घुसलें तो आमचाच एक सभासद होता. त्याच्या नुकत्याच उगवलेल्या बाजरींत कमरेइतकी खोल घळ पडली. तें कुटुंब पुढें दोन वर्षें श्रमदानास आलें नाहीं, व त्यांस बोलावण्यास आम्हांसही तोंड नव्हतें.

एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें एक लाख लिटर पाणी पडतें. दहा एकरांच्या उतारावरून त्याचा तिसरा हिस्सा वाहूं लागला तरी तें तीन लाख लिटरांवर जातें. त्याबरोबर एक मिलिमीटर जाडीचा मातीचा थर गेला, तर एकरीं पांच टनांच्या आसपास माती गेली असें समजावें. बैलगाडीनें ती परत आणूं म्हटल्यास दहा खेपा होतील, व गेलेली माती सर्वांत सुपीक असते.

आतां पातळी कशी काढावी तें सांगतों. साधन अगदीं घरगुती आहे. पुरुषभर उंचीच्या दोन सारख्या काठ्या वरच्या टोकांस बांधून खालीं फांकाव्या, मध्यें एक आडवी काठी बांधावी, व वरच्या गांठीपासून दोऱ्यास दगड लोंबत सोडावा. हिला ए-फ्रेम म्हणतात. चौकट जमिनीवर उभी करून दोरा आडव्या काठीस जेथें लागेल तेथें खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागीं ती पुन्हां उभी करावी व दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांचा मध्य हीच खरी पातळीची खूण होय. पुष्कळ लोक ही उलटापालट करण्याचा कंटाळा करतात, व तेथेंच सारें काम फसतें. माळावर गेल्यावर एक पाय जागीं ठेवून दुसरा उतारावर वर-खालीं सरकवावा. दोरा मध्यखुणेवर येतांच तेथें खुंटी ठोकावी व तसेंच पुढें चालावें. खुंट्या चुन्यानें जोडल्या कीं चराची रेघ तयार झाली. पारदर्शक नळींत पाणी भरून दोन मापाच्या काठ्यांनीं हेंच काम अधिक लवकर होतें. मात्र नळींत हवेचा बुडबुडा राहिल्यास माप खोटें येतें. चर साठ सेंटिमीटर रुंद व तीस खोल असा सामान्यतः घेतात. माती उताराच्या खालच्या अंगास टाकावी, आणि काम माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे यावें. भारी काळ्या जमिनींत हाच नियम लावूं नये. तेथें समपातळी बांधाआड पाणी तुंबून पीक पिवळें पडतें. म्हणून बांधास किंचित् ढाळ देऊन जादा पाणी दगडी सांडव्यावाटे काढून द्यावें लागतें.

ही विद्या नवी नाहीं. सोलापुरास कोरडवाहू शेतीचें संशोधन १९३३ सालीं सुरू झालें. मुंबई इलाख्यांत १९४२ सालीं जमीन सुधारणा योजनांचा कायदा होऊन सबंध टापूची बांधबंदिस्ती करण्याची सोय झाली. १९७२ च्या दुष्काळांत तर गांवोगांव बांधांचीं कामें निघालीं. त्यांपैकीं पुष्कळ बांध आज नांगराच्या फाळानें दरसाल थोडे थोडे कापले जाऊन सपाट झाले आहेत. बांध सरकारनें घातले, पण ते कोठें व कां घातले हें गांवांत कोणी शिकून घेतलें नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

शिकण्याच्या जागा आतां थोड्या नाहींत. जिल्ह्याच्या कृषि विज्ञान केंद्रांत मातीची परीक्षा व शेतीचें प्रशिक्षण दोन्ही मिळतात. १९८० सालीं स्थापन झालेली वाल्मी ही संस्था छत्रपति संभाजीनगर येथें जमीन व पाणी यांच्या व्यवस्थेचें शिक्षण देते. पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धि व नगराजवळील हिवरे बाजार हीं गांवें तर स्वतःच शाळा आहेत. हिवरे बाजारास जाणाऱ्यांनीं केवळ हिरवें शिवार पाहून परतूं नये. शेतीसाठीं बोअर घ्यावयाचा नाहीं व ऊस लावावयाचा नाहीं हे ठराव लोकांनीं कसे पाळले, तें बसून विचारावें. अडविलेलें पाणी वांटून घेणें हें चर खणण्याहून कठीण काम आहे.

सर्वांत स्वस्त शाळा मात्र शेजारच्या गांवांत असूं शकेल. पानी फाउंडेशननें २०१६ सालीं वरूड, अंबाजोगाई व कोरेगांव या तीन तालुक्यांत जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली व ती २०१९ पर्यंत अनेक तालुक्यांत चालली. स्पर्धेंतील गांवांतून निवडलेल्या माणसांस, स्त्रियांसुद्धां, आधीं रीतसर शिक्षण दिलें जाई. स्पर्धा सरली, पण पातळी धरणारे ते हात गांवोगांव आहेत. त्यांस बोलावून एक दिवस आपल्या माळावर चालवावें.

परदेशांतही हीच रीत फळास आली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांत सेंट अर्नोडजवळ विंजालोक येथें १९८६ सालीं शेजारी शेतकऱ्यांचें पहिलें लॅण्डकेअर मंडळ निघालें, व १९८९ पासून तेथील केंद्र सरकारनें ही चळवळ देशभर उचलून धरली.

शिकावयास कोणास पाठवावें हा प्रश्न लहान नाहीं. अध्यक्ष व चिटणीस प्रवासास सदैव तयार असतात, हें आम्ही स्वतःवरून जाणतों. परंतु जो प्रत्यक्ष कुदळ धरतो तो, रोजच्या कामावरच्या दोन स्त्रिया, आणि ज्याचें शेत उताराच्या अगदीं खालीं आहे तो, इतकीं माणसें अवश्य असावींत. आमच्याकडे दुसऱ्या वेळीं त्या बाजरीवाल्या सभासदालाच पाठविलें. रेघ आतां तोच धरतो.

यंदा चर खणणाऱ्या मंडळांस एक विनंति. पहिल्या मोठ्या पावसांत कोणी तरी घोंगडी घेऊन माळावर जावें, प्रत्येक चरांत पाणी दोन्ही टोकांस सारखें उभें राहतें कीं एकीकडे कलतें तें पाहावें, व कलत्या चरांची मोजणी आम्हांस लिहून कळवावी. ती पुढील एखाद्या अंकांत छापूं.