ॲडम स्मिथ : चरित्र व विचार

मनुष्य आपल्या लाभासाठीं झटतो, हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्या झटण्यांतून समाजाचें हित केव्हां साधतें व केव्हां बिघडतें, ह्याचा पद्धतशीर विचार ज्यानें केला, त्या ॲडम स्मिथ नामक अर्थशास्त्रज्ञाचा परिचय आम्ही येथें थोडक्यांत करून देत आहों.

स्मिथचा जन्म १७२३ सालीं स्कॉटलंडांतील कर्कॉडी गांवीं झाला. वडील त्याच्या जन्मापूर्वींच वारल्यामुळें मातेनेंच त्याचा सांभाळ केला. ग्लासगो व ऑक्सफर्ड येथें विद्याभ्यास करून १७५१ सालीं तो ग्लासगो विद्यापीठांत अध्यापक झाला. १७५९ सालीं त्याचा नीतिशास्त्रावरील ग्रंथ व १७७६ सालीं ‘राष्ट्रांची संपत्ति’ हा जगद्विख्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला.

ह्या दुसऱ्या ग्रंथाच्या आरंभींच टांचणीच्या कारखान्याचा दाखला आहे. अननुभवी मनुष्य एकटा दिवसभर खपला, तरी त्याच्या हातून वीस टांचण्याही होणार नाहींत. परंतु एकानें तार ओढावी, दुसऱ्यानें ती तोडावी, तिसऱ्यानें टोंक करावें, अशी वांटणी केल्यास दहा माणसें दिवसाकाठीं ४८,००० टांचण्या करूं शकतात. श्रमविभागानें संपत्ति वाढते, आणि बाजारपेठ जितकी मोठी तितका श्रमविभाग अधिक. म्हणून व्यापारावरील अनाठायीं बंधनें काढावींत, असें त्याचें प्रतिपादन आहे.

ह्यावरून स्मिथ हा व्यापाऱ्यांचा कैवारी होता, असा पुष्कळांचा ग्रह होतो. तो यथार्थ नव्हे. व्यापारी एकत्र जमले कीं भाव चढविण्याचा बेत करितात, असें त्यानेंच बजाविलें आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीवर व बंगालमधील तिच्या कारभारावर त्यानें कडक टीका केली. त्याचा भरंवसा व्यापाऱ्याच्या सद्गुणांवर नसून खुल्या स्पर्धेवर होता. गिऱ्हाइकास दुसरें दुकान मोकळें असलें, तरच पहिला दुकानदार वाजवी भावानें चांगला माल देतो.

श्रमविभागाचा दोषही त्याच्या नजरेंतून सुटला नाहीं. जन्मभर एकच क्षुल्लक काम करणाऱ्याची बुद्धि मंद होते; यास्तव गरिबांच्या मुलांना लेखन, वाचन व हिशेब शिकविण्यास सरकारनें साह्य करावें, असें त्यानें लिहिलें. संरक्षण, न्याय व लोकोपयोगी बांधकामें हींही त्यानें सरकारचींच कर्तव्यें मानिलीं.

१७७८ सालीं तो जकात खात्याचा कमिशनर झाला व १७९० सालीं एडिंबरो येथें वारला. आपल्या प्राप्तीपैकीं पुष्कळ द्रव्य तो गुप्तपणें दान करीत असे, हें मागाहून उघडकीस आलें. व्यापारास स्वातंत्र्य हवें, तसाच त्याच्या जोडीस न्याय हवा आणि विद्याही हवी, हें त्याच्या विचारांचें सार होय. आमच्या विद्यार्थीमित्रांनीं त्याचें अर्धेंच वचन न घेतां पूर्ण विचार ध्यानीं घ्यावा, एवढीच विनंति.