मार्करनं नाव लिहिलेल्या डीव्हीडी आधी काढा

नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असावा का, असं कुणी विचारलं तर मी सांगते, लॅपटॉपला नसला तरी चालेल, घरात मात्र एक हवाच. बहिणीच्या लग्नाच्या डीव्हीडीनं माझं हे मत पक्कं केलं.

फोटोग्राफरनं दिलेली ती डीव्हीडी कपाटात जपून ठेवलेली होती, एक ओरखडा नव्हता. मधल्या काळात जुना कॉम्प्युटर गेला, प्लेअर भंगारात गेला आणि नव्या लॅपटॉपला ट्रेच नव्हता. आजीच्या वर्षश्राद्धाला तिला बोलताना पाहावं म्हणून शेजारच्या काकांकडून यूएसबी ड्राइव्ह आणला. सीमांतपूजन छान दिसलं. मंगलाष्टकं संपता संपता चित्राचे चौकोन झाले आणि पुढे काही वाचलंच जाईना. दुसऱ्या ड्राइव्हवर थोडं आणखी निघालं. पण पाठवणीच्या वेळी आजीनं बहिणीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली होती, ते गेलं ते गेलंच. आजीचं दुसरं चित्रीकरण आमच्याकडे नाही.

विकतच्या सिनेमाच्या डिस्कवर माहिती साच्यानं उमटवलेली असते. स्टुडिओत किंवा घरी ‘राइट’ केलेल्या डिस्कवर ती रंगाच्या पातळ थरात लेझरनं कोरलेली असते आणि तो थर ऊन, उकाडा, दमट हवा यांनी विटतो. शिवाय डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि बिघाड बहुधा कडेकडून सुरू होतो, म्हणून समारंभाचा शेवट आधी हातचा जातो. तेव्हा लग्न, मुंज, बारशाच्या डिस्क आजच काढा. सिनेमे थांबू शकतात.

यूएसबीचा साधा ड्राइव्ह दीड-दोन हजारांत मिळतो. डिस्क लावून ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा अख्खा फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवा आणि दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवा. साधी डीव्हीडी 4.7 जीबीची, त्यामुळे जागेची चिंता नको. विंडोज 8 पासून डीव्हीडी चालवण्याची सोय मूळ विंडोजमध्ये येत नाही, म्हणून ड्राइव्ह असूनही सिनेमा उघडत नाही. फुकट मिळणारं व्हीएलसी टाका.

नाटकांच्या व्हीसीडीही टाकून देऊ नका. त्यातली कितीतरी ओटीटीवर सापडत नाहीत, आणि सापडली तरी करार संपला की निघून जातात.

अमेरिकेहून कुणी डीव्हीडी आणली तर जपून. तिचा रीजन 1, आपला 5. ड्राइव्ह रीजन फक्त पाच वेळा बदलू देतो, मग शेवटी निवडलेल्यावरच कायमचा अडकतो. ब्लू-रे तर डीव्हीडी ड्राइव्हवर चालतच नाही. 4के ब्लू-रेसाठी टीव्हीला जोडायचा प्लेअरच घ्या, कारण लॅपटॉपवर ती चालवायला लागणारी एसजीएक्स ही सोय इंटेलनं नव्या कोअर प्रोसेसरांतून काढून टाकली आहे.